डाग काढलेलं गाणं

डब्याचं झाकण हातातून निसटलं आणि जमिनीवर गरगरत राहिलं. घर इतकं गप्प होतं की तेवढ्यानंही आम्ही सगळे दचकलो. झाकणाचं तसंच असतं. आधी सावकाश घुमतं, मग जमिनीच्या जवळ येता येता त्याचा आवाज बारीक होत जातो, घाईचा होत जातो, आणि एकदम संपतो. मी ते उचलायला वाकले तेव्हा मला आणखी एक आवाज ऐकू आला. खिडकीशी केस विंचरत बसलेली माझी नणंद तोंड मिटून, अगदी पुसट गुणगुणत, त्या झाकणाच्या बरोबरीनं सुरात वर चढत होती.

झाकण थांबलं. तिच्या ते लक्षात आलं आणि तिनं ओठ घट्ट आवळले. चोरी पकडली गेल्यासारखे.

"काय गं?" मी विचारलं.

"कुठे काय?" ती म्हणाली आणि कंगव्यात अडकलेला गुंता ओढून ओढून तोडू लागली.

मी हातातलं झाकण धुवायचं सोडून तशीच उभी राहिले. कितीतरी दिवसांनी तिच्या गळ्यातून काहीतरी बाहेर आलं होतं, आणि तिनं ते परत गिळून टाकलं होतं.

ती सोळा वर्षांची. घरात तिला सगळे बटण म्हणतात. लहानपणी म्हणे ती दुकानात तुटून पडलेली बटणं गोळा करून रांगेत लावायची, आणि होतीही तेवढीच, बटणाएवढी. मी या घरात आले तेव्हा सासूबाई नुकत्याच गेल्या होत्या आणि ही पोर माझ्या कमरेपर्यंत यायची. पहिल्या आठवड्यात ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. नंतर एकदा मी भांडी घासताना पाठीमागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी, तू जाणार नाहीस ना?" तेव्हापासून मला एक मुलगी आहे, आणि मला पोटची मुलगी झाली ती त्यानंतर.

आमची लॉन्ड्री आहे. वर घर, खाली दुकान. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्याचे हिरवे झगे, लोकांचे कोट, साड्या, पडदे. दुकानात दोन बेताची मशीनं आणि एक भलं मोठं, कपाटाएवढं. त्याला आम्ही थोरली म्हणतो. इस्त्रीवर मावशी आहेत, त्या माझ्या लग्नाआधीपासूनच्या. त्यांचं म्हणणं, "या घरात खरी सासू तीच. पाणी तिला आधी, विश्रांती तिला आधी, आणि रुसली की सगळं घर उपाशी." थोरली कपडे पिळायला लागली की आधी घुमते, मग तिचा आवाज वर वर चढत जातो आणि शेवटी एका उंच सुरावर जाऊन स्थिर होतो. पण हे मी आता सांगतेय. तेव्हा विचारलं असतंत, तर मी म्हटलं असतं, आवाज? कसला आवाज? पाण्यातल्या माशाला पाणी दिसत नाही, तसं आम्हाला थोरली ऐकूच यायची नाही.

माझी लेक तान्ही असताना मी तिला कपड्यांच्या चाकवाल्या टोपलीत घालून खाली दुकानात ठेवायची. तिला झोपवायचं काम बटणाचं. त्या टोपलीशी बसून, मोजे जुळवता जुळवता, तिनं एक गाणं रचलं होतं. जोडीदार हरवलेल्या मोज्याचं.

एक मोजा निघून गेला कुठल्या दूर गावा,
दुसऱ्यानं मग धाडला वाऱ्यासंगे सांगावा.
ये रे ये रे परत, मी अजून आहे ओला,
तुझ्यावाचून उन्हाचाही कंटाळा मला आला.

असं ते होतं. पुढे मोजा समुद्रावर जातो, एका उंटाला भेटतो, रोज नवीन काहीतरी. थोरली पिळायला लागली की बटण गायला लागायची, थोरली थांबेपर्यंत बाळ झोपलेलं असायचं. आता बाळ पाच वर्षांचं झालं तरी दुपारी तिला तेच गाणं लागतं. लागायचं.

झालं ते असं. दुकानाचं इंटरनेटवर एक पान आहे. माझा नवरा त्यावर डागांचे फोटो टाकतो. शाईचा डाग, धुण्याआधी आणि धुतल्यावर. गंजाचा डाग, धुण्याआधी आणि धुतल्यावर. ते पान आमचे नातेवाईक सोडून कुणी बघत नव्हतं, आणि नातेवाईकही भिडेखातर. एकदा दुपारी त्यानं चादरींच्या घड्या करता करता गाणाऱ्या बहिणीचा व्हिडिओ काढला. नंतर ऐकून बघितला तर त्यात नुसती घरघर.

"श्शी," तो म्हणाला. "काय हे, गिरणीत गातेय असं वाटतं."

आता आमच्या घराण्याचा धंदाच डाग काढायचा. डाग दिसला की याचा हात शिवशिवतो. त्याच्या फोनमध्ये एक बटण निघालं, आवाज स्वच्छ करण्याचं. त्यानं ते दाबलं. पहिल्या दोन ओळी ऐकल्या, घरघर गेलेली, पोरीचा आवाज मोत्यासारखा. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्यानं खाली लिहिलं, 'ऐका आमच्या घरची कोकिळा', आणि टाकलं पानावर. पुढचं ऐकलंच नाही.

पुढचं जगानं ऐकलं. दोन ओळींनंतर तो आवाज जागा सोडतो. हळूहळू, कळत नकळत वर सरकत जातो, सरकतच राहतो, आणि शेवटच्या ओळीला अशा ठिकाणी पोचतो की ऐकणाऱ्याला वाटावं, ही पोरगी गातेय की हिला कुणी चिमटा काढतंय? बरं, तिच्या चेहऱ्यावर त्याचा पत्ताही नाही. शांतपणे चादरीची घडी घालतेय. तेच लोकांना जास्त मजेशीर वाटलं. कुणीतरी खाली लिहिलं, 'कोकिळा नाही ओ, किटली.' दुसऱ्यानं त्या व्हिडिओच्या शेवटी खरोखरची उकळणारी किटली जोडली, शिट्टीसकट. आणि मग काय, आग लागली की वाऱ्याला आमंत्रण लागत नाही. कुणी तिच्या आवाजावर ओठ हलवले, कुणाचा कुत्रा तिच्याबरोबर केकाटला, कुणाच्या आजोबांनी तो आवाज ऐकून कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. लाखो लोक. आमच्या ओळखीत एवढे लोक जन्मले नसतील.

पहिल्या दिवशी ती स्वतःही हसली होती. "वहिनी, बघ बघ, तो कुत्रा!" दुसऱ्या दिवशी शाळेत ती वर्गात शिरली आणि मागच्या बाकावरून कुणीतरी शिट्टी वाजवली. मग सगळ्या वर्गानं. त्या शिट्टीत तिची शेजारच्या बाकावरची मैत्रीण पण होती. ते मला तिनं फार उशिरा सांगितलं, दुसरीकडे बघत.

नवऱ्यानं व्हिडिओ काढून टाकला. पण ते रंग सुटलेल्या कपड्यासारखं होतं. तो एक कपडा बाहेर काढून काय उपयोग, रंग सगळ्या धुण्याला लागलेला. तो माझ्याशी, तिच्याशी, कुणाशीच धड बोलेना. जेवताना मान खाली. बहिणीच्या ताटात जास्तीचं वाढायचा, ती ते तसंच ठेवायची.

आणि ती गायची थांबली. आंघोळ करताना नाही, घड्या घालताना नाही, दुपारी पोरीला झोपवताना नाही. माझी लेक हट्टाला पेटली की ती म्हणायची, "मोजा हरवला गं. सापडला की गाते."

त्यातच एक फोन आला. नेटवर एक गमतीजमतीचा कार्यक्रम चालतो, तो चालवणाऱ्याला सगळे भाऊ म्हणतात. त्या भाऊंचा मदतनीस बोलत होता. आवाज असा की जणू आमच्या घरी रोजचा येणारा-जाणारा. किटलीला बोलवायचंय म्हणाला, समोर प्रेक्षक असतील, मजा येईल. "फक्त गाणं अगदी तस्संच हवं हं ताई. नीट-बीट गाऊ नका. लोकांना तेच आवडतं." शनिवारपर्यंत कळवा म्हणाला.

मला वाटलं ती फोन आपटेल. जेवताना ती म्हणाली, "मी जाते."

"कुठे जाते?" नवऱ्यानं ताट सारलं. "तमाशा करून घ्यायला?"

"दादा, तो होऊन गेलाय."

"म्हणून परत?"

"तसेही हसतातच ना? निदान समोर बसून हसतील. मला त्यांची तोंडं तरी दिसतील."

"आणि गाणं?" मी विचारलं.

"कुठलं गाणं वहिनी?" ती अगदी साधेपणानं म्हणाली, आणि त्या साधेपणाची मला भीती वाटली. "गाणं लोकांनी नेलं. माझ्याकडे शिट्टी राहिलीय. ती तरी वाजवते."

त्यानंतर ती आरशासमोर सराव करायला लागली. मुद्दाम बेसूर. शेवटच्या ओळीला डोळे मोठे करून किंचाळायची, मग तपासायची, कितपत हसू येईल. मी दाराआडून बघायची. ज्या पोरीनं माझ्या बाळाला हळुवारपणे झोपवलं, ती आता स्वतःच्या गळ्याची नक्कल करायला शिकत होती. लेकीनं एकदा दोन्ही कानांवर हात ठेवून म्हटलं, "आत्या, हे नको. आधीचं दे." त्यावर बटण हसली, आणि ते हसू मला आवडलं नाही.

मला कळत होतं की ती एकदा त्या भाऊंच्या समोर तशी गायली की मग परत येणार नाही. म्हणजे घरी येईल, जेवेल, शाळेत जाईल. पण जी गायची ती येणार नाही. पण तिला अडवायचं कुठल्या तोंडानं? 'तू चांगली गातेस' असं म्हणायचीही सोय नव्हती. व्हिडिओ मीही ऐकला होता. त्यात ती खरंच वर सरकत जात होती. मी पुन्हा पुन्हा ऐकला आणि दर वेळी वाटलं, इतकी वर्षं आपण प्रेमापोटी बहिरे होतो की काय?

शुक्रवारी दुपारी मी दुकानात होते. थोरलीत हॉटेलच्या चादरी होत्या, मावशी इस्त्रीवर, लेक घड्यांच्या गठ्ठ्यावर आडवी पडून पाय हलवत होती. एक तरुण मुलगा कोट न्यायला आला. पावती देता देता त्यानं इकडेतिकडे बघितलं.

"इथंच ना ती? किटली?"

"इथं कपडे धुतात," मावशी मान वर न करता म्हणाल्या. "तोंडं धुवत नाहीत. नाहीतर तुझं आधी टाकलं असतं मशीनमध्ये."

"अहो मावशी, चिडता कशाला? फॅन आहे मी." आणि त्यानं फोन काढून तो व्हिडिओ लावलाच, मोठ्यानं. मी म्हणाले, बंद कर. तो म्हणाला, एक मिनिट ताई, शेवट ऐका ना, शेवट भारी आहे.

तेवढ्यात थोरलीनं पिळायला घेतलं.

फोनमध्ये बटण गात होती, ये रे ये रे परत, आणि थोरली मागून घुमत वर चढायला लागली. सुरुवातीला दोघींचं काही जमत नव्हतं. मग कुठेतरी मध्येच माझ्या अंगावर काटा आला. आवाज वर सरकत होता आणि थोरलीही वर सरकत होती, आणि दोघी एकमेकींना धरून चालल्या होत्या. अगदी नेमक्या नव्हत्या, मशीन थोडं पुढे होतं. पण ती जी किंचाळी होती, जिच्यावर लाखो लोक हसले होते, ती क्षणभर किंचाळी राहिली नाही.

मावशींची इस्त्री हवेत थांबली.

"आत्या गातेय," गठ्ठ्यावरून लेक म्हणाली. इतक्या दिवसांत तो व्हिडिओ तिनं वीसदा ऐकला असेल आणि एकदाही असं म्हणाली नव्हती.

तो मुलगा फोनकडे बघत राहिला. "परत लावू?" त्यानं विचारलं. आता त्याच्या आवाजात गंमत नव्हती.

"तू कोट घे आणि जा," मावशी म्हणाल्या. "पुढचं घरातलं आहे."

पुढचं धुणं मी घाईघाईनं भरलं. थोरली पिळायला येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. नवऱ्याला हाक मारून बोलावून घेतलं. नेटवरून व्हिडिओ शोधला, शिट्टीवाला नाही, मूळचा. आणि थोरलीनं पहिला हुंकार दिला तशी मी तो सुरू केला. या वेळी जवळजवळ बरोबर जुळलं. एक मोजा निघून गेला. मशीन चढतंय, पोरगी चढतेय, तिच्या प्रत्येक सुराखाली थोरली अशी उभी, जशी झाडावर चढणाऱ्या पोराच्या पायाखाली आईनं धरलेली ओंजळ. शेवटची ओळ त्या उंच जागी जाऊन टेकली तेव्हा कुठेही काहीही चुकलेलं नव्हतं. गाणं पूर्ण होतं. नुसतं पूर्ण नाही, मी असं काही कधी ऐकलं नव्हतं. आणि रोज ऐकत होते.

नवरा स्टुलावर बसला. थोरलीकडे बघितलं, हातातल्या फोनकडे बघितलं.

"मी डाग समजलो," तो म्हणाला. "मी तिचा निम्मा गळा धुऊन काढला."

मावशींनी नाक ओढलं आणि म्हणाल्या, "पुरे आता, चादरी काढा, चुरगळतील."

शाळेतून आल्यावर बटणाला आम्ही तिघांनी मिळून तोच खेळ करून दाखवला. आम्हाला वाटलं ती उडीच मारेल. ती हाताची घडी घालून ऐकत उभी राहिली. संपल्यावर म्हणाली, "म्हणजे मी मशीनच्या मागे मागे जात होते."

"मागे मागे काय, बरोबर!" नवरा म्हणाला.

"तेच ते. म्हणजे मला माझा सूर नाहीच. मशीन गेलं तिकडे मी गेले. ते काढून घेतलं की मी बेसूर." तिचे डोळे भरले. "लोक बरोबरच हसले की मग."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मी मावशींकडे.

"मला गाण्यातलं शेंगेचं टरफलसुद्धा कळत नाही," मावशी म्हणाल्या. "पण या सटवीबरोबर मी अर्धं आयुष्य काढलं. तिच्यासमोर मला साधं बोलता येत नाही, ओरडावं लागतं. तू तिच्याशी गोडीगुलाबीनं गात होतीस. ते काही फुकटचं येत नसेल."

"थांब," मी म्हणाले आणि थोरलीचा खटका बंद केला. बाकीची दोन मशीनंही. दुकानात अशी शांतता झाली की आम्हालाच चमत्कारिक वाटलं. "आता गा. कुणी मागे नाही, कुणी पुढे नाही."

"नाही येणार."

"नाही आलं तर नाही आलं. आम्ही चौघंच आहोत, आणि चौघांनाही तुझ्या पायांचा वास माहितीये."

ती रडता रडता फिसकन हसली. मग तिनं माझ्या लेकीकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड केलं आणि गायली. आधी घोगरं, कितीतरी दिवस बंद असलेल्या नळातून येतं तसं. मग स्वच्छ. पहिल्या ओळीला ज्या सुरावर उभी राहिली, तिथेच शेवटच्या ओळीपर्यंत उभी. हललीसुद्धा नाही.

तिनं वळून बघितलं. तिच्याच चेहऱ्यावर आश्चर्य होतं.

"आता मशीनबरोबर," ती म्हणाली. आपण होऊन.

शनिवारी भाऊंच्या मदतनिसाचा फोन आला तेव्हा ती माझ्या शेजारीच बसली होती. फोन मोठ्यानं लावून ठेवला होता.

"मी गाते," ती म्हणाली. "पण आमच्या दुकानातून. आमचं मशीन चालू ठेवून."

"मशीन? कसलं मशीन?"

"कपडे धुण्याचं."

पलीकडे तो कुणाशी तरी बोलला, हसण्याचा आवाज आला. "ताई, भारी कल्पना आहे, पण नको. घरघर येते. आपल्याकडे कसं, आवाज एकदम स्वच्छ लागतो. आणि आम्ही टेबलावर किटल्या मांडणार आहोत, सगळ्या प्रेक्षकांच्या हातात शिट्ट्या. तुम्ही फक्त या हो. दोन मिनिटांचं काम."

तिनं माझ्याकडे बघितलं. ही हो म्हणाली तर मी काय करणार आहे?

"मग नाही येत," ती म्हणाली. "शिट्ट्या वाटल्याच आहेत, तर तुम्हीच वाजवा."

फोन ठेवल्यावर मी तिचे हात हातात घेतले. सोळा वर्षांच्या पोरीचे हात, साबणानं खरखरीत झालेले. "वहिनी, मी मूर्खपणा केला का गं?" "माहीत नाही," मी म्हणाले. "पण ऐकायला फार बरं वाटलं."

व्हिडिओ आम्ही रविवारी केला. फोन माझ्या हातात, कारण नवऱ्यानं स्वतःच सांगितलं होतं, मला कुठल्याही बटणाला हात लावू देऊ नका. त्याला आम्ही थोरलीपाशी उभं केलं, खटका दाबायला. मावशी सुट्टी असून आल्या, ठेवणीतली साडी नेसून, आणि इस्त्री चालू करून बसल्या. "माझीपण फुसफुस येऊ दे," म्हणाल्या. "एवढी वर्षं ऐकवतेय कुणाला?" लेक टोपलीत बसली, आता मावत नाही तरी.

बटणानं फोनकडे सरळ बघितलं.

"मी किटली," ती म्हणाली. "तुम्ही माझा अर्धा आवाज ऐकला होता. उरलेला हा." आणि थोरलीच्या पत्र्यावर तिनं हात ठेवला, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा.

ती गायली. मी हे आता लिहितानाही सांगू शकत नाही की ते कसं होतं, कारण माझं अर्धं लक्ष हात हलू नये याकडे होतं आणि तरी तो हलला. व्हिडिओत ते दिसतं. शेवटच्या ओळीला चित्र थरथरतं.

तो व्हिडिओ आम्ही जसाच्या तसा टाकला. घरघरीसकट, माझ्या नाक ओढण्यासकट.

जादू झाली नाही. पहिल्यांदा तेच टोमणे आले, 'किटलीला आता मशीन मिळालं', 'दोघींना एकदमच पिळा'. बटणानं ते वाचलं आणि फोन उपडा ठेवून अभ्यासाला बसली. पण संध्याकाळपर्यंत वेगळंच काहीतरी सुरू झालं. केस कापणाऱ्या एका बाईनं केस वाळवायच्या यंत्राबरोबर मोज्याचं गाणं गायलं, दोनच ओळी, लाजत लाजत. खाली लिहिलं, 'मीपण रोज गाते, कुणाला सांगितलं नव्हतं.' मग एक सुतार, करवतीबरोबर. तो फारच बेसूर होता आणि फारच आनंदात होता. मग शिलाई मशीनवर बसलेल्या दोघी बहिणी. मग उभ्या बसच्या इंजिनाबरोबर एक ड्रायव्हर, त्यानं तर उंटाचं नवीन कडवंच घातलं. दोन दिवसांत इतके झाले की आम्ही मोजायचं सोडलं. लोक लिहायला लागले, 'किटलीताई, हे ऐका', 'किटलीताई, आमच्या पंख्याबरोबर जमतं का बघा.' नाव तेच राहिलं. फक्त त्याला ताई लागलं.

नवरा म्हणाला, "आपण त्यांना सांगायचं का, तिचं खरं नाव काय ते?"

"राहू दे दादा," ती म्हणाली. "किटली वाईट नाही. गरम असते."

शाळेतल्या त्या मैत्रिणीनं येऊन विचारलं, आपण दोघी मिळून गायचं का? बटणानं अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. गावातल्या एका गायकवृंदाच्या बाईंनी निरोप धाडला, दर रविवारी येऊन बस आमच्यात, तुझा कान आम्हाला हवा आहे. तिथे ती जाते. पहिल्या दिवशी परत आली ती पायऱ्या चढता चढता गातच, आणि वर येईपर्यंत कुणीच तिला हाक मारली नाही, तिघं तीन कोपऱ्यांत उगाच कामात असल्यासारखे उभे होतो.

काल दुपारी लेक माझ्या मांडीवर होती. बटण खाली दुकानात, दोन्ही लहान मशीनं तुंबली होती. आम्ही फोनवर बघत होतो, दूर कुठल्या तरी छापखान्यात सगळे कामगार मिळून मोज्याचं गाणं म्हणत होते, यंत्र खडखडतंय, मागे कुणीतरी टाळ्या देतंय. व्हिडिओखाली माणसांनी कौतुकाचा पूर आणलेला. मी तिला वाचून दाखवत होते, हे काका म्हणतात किती गोड, ही ताई म्हणते आत्याला पापा दे. ती अंगठा तोंडात घालून ऐकत होती. मग अंगठा बाहेर काढला.

"आई, हे लोक खूप आहेत ना?"

"हो गं, खूप."

"आणि ते आत्याला हसायचे, तेपण खूप होते."

"हो."

तिनं पडद्यावर बोट ठेवलं, एका एका नावावरून खाली खाली नेलं, कुणालातरी शोधत असल्यासारखं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"मग ते कुठे गेले, आई? की हे तेच आहेत?"